तोंडात बसणारं गाणं

लॅबमध्ये तिला सगळे भुंगा म्हणायचे. नाव ठेवलं होतं प्लास्टरकाकांनी, म्हणजे जबड्याच्या मापात प्लास्टर ओतून साचे काढणाऱ्या सगळ्यात जुन्या कारागिरानं. ती नोकरीला लागली त्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "ही मुलगी हातानं दात लावते आणि नाकातनं भुंग्यासारखी गुणगुणते. दोन्ही एकाच वेळी, आणि बिघडत काहीच नाही." त्याला सोळा वर्षं झाली. मुलीची बाई झाली, बाईची आई झाली, पण नाव टिकलं. नव्यानं आलेले तेवढे मान राखायचा म्हणून मागे ताई जोडायचे. भुंगाताई.

लॅब दातांची होती. दवाखान्यांतून मापं यायची, काका साचे काढायचे आणि त्या साच्यांवर गुलाबी मेणात एकेक दात लावून भुंगा कवळी उभी करायची. ती मेणातली कवळी दवाखान्यात जायची, रोग्याच्या तोंडात घालून बघितली जायची आणि बरोबर एक चिठ्ठी घेऊन परत यायची. वरची ओळ जरा आत घ्या. डावीकडे लागतंय. आणि सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं वाक्य: दिसायला छान आहे, पण बसत नाही. मग भुंगा स्पिरिटचा दिवा पेटवायची, चिमटा तापवायची आणि दात हलवायला घ्यायची. या कामात चिडून चालत नाही. तोंड समोरच्याचं असतं, आपलं नसतं.

गाणी मात्र तिची स्वतःची होती. कॉलेजात असताना ती लिहायची, चाल लावायची आणि गायचीही. सव्विसाव्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला, पण आवाज गेला. म्हणजे बोलता यायचं, पण सूर वर चढवला की पत्रा घासल्यासारखा आवाज निघायचा. दोन वर्षं तिनं गाण्याचं नाव काढलं नाही. मग लेक झाली, आणि तिला निजवताना ओठ मिटून अजून गुणगुणता येतं हे तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून रोज पहाटे सव्वापाचला उठायचं, स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही उघडायची आणि पावणेसातला मिटायची, हा नेम. अकरा वर्षं. ताप असला तरी, पाहुणे असले तरी. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो म्हणायचा, "आमच्याकडे पण अशी एक लिफ्ट आहे. कुणी बटण दाबलं नाही तरी सव्वापाचला आपोआप वर येते. अजून दोष सापडलेला नाही."

तो असं बोलायचा, पण उठला की चहा तिच्या वहीपासून हातभर लांब ठेवायचा, सांडू नये म्हणून.

गाणी ती रेडिओला पाठवायची. तिथं नव्या गाण्यांचा एक विभाग होता. लिहून पाठवायची, सोबत गुणगुणलेली चाल. दर वेळी दोन ओळींचं छापील उत्तर यायचं: सध्या निवड करता येत नाही, पुढील लेखनास शुभेच्छा. अशी एकोणीस उत्तरं जमली तेव्हा तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्वतःच जाऊन धडकली.

गाणी निवडणाऱ्या मॅडम तिच्याच वयाच्या निघाल्या. चष्मा कपाळावर, समोर कागदांचा ढीग. त्यांनी तिला बसवलं, तिच्याच देखत पाच-सहा गाणी वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही जरा मोठ्यानं म्हणा. गायची नाही, नुसती म्हणा. भरभर."

ओळ होती, 'स्तब्ध क्षितिजस्पर्शाने स्पंदते निःशब्द सृष्टी'. भुंगा पहिल्यांदा 'स्पर्शाने'वर अडली. दुसऱ्यांदा 'स्पंदते'वर. तिसऱ्यांदा पोचली, पण शेवटची 'सृष्टी' थुंकीसकट बाहेर आली.

मॅडम हसल्या नाहीत. "तुमच्या चाली चांगल्या आहेत. खरंच चांगल्या आहेत, म्हणून तर मी तुमचे कागद टाकून देत नाही. पण शब्द... कसं सांगू? डोळ्यांना छान दिसतात. तोंडात बसत नाहीत."

भुंगा खाली आली. बस समोर उभी होती, ती तिनं सोडली आणि चालायला लागली. अपमान झाला म्हणावं तर मॅडम नीटच बोलल्या होत्या. दुसऱ्या चौकापर्यंत ती मनातल्या मनात भांडत होती, तिसऱ्या चौकात थांबली. सोळा वर्षं रोज जे वाक्य चिठ्ठीवर वाचत आलो, ते आज आपल्यावर कुणी तोंडानं म्हटलं तर एवढं झोंबायचं कारण काय? कवळी बसत नाही म्हणून आपण रोग्याशी भांडतो का? ती तिथंच, रस्त्याच्या कडेला, कपाळाला हात लावून उभी राहिली. एका माणसानं विचारलं, "बरं वाटत नाही का?" ती म्हणाली, "नाही, आता वाटतंय."

पण कळणं वेगळं आणि येणं वेगळं. पुढचे तीन महिने तिनं सोपे शब्द लिहून पाहिले आणि ते इतके सोपे झाले की लेक म्हणाली, "आई, हे आमच्या बालवाडीत होतं का?"

अशात कोरसबाई आल्या.

आल्या म्हणजे आधी त्यांची कवळी आली, तीनदा. दर वेळी डॉक्टरांची चिठ्ठी: रुग्ण म्हणतात 'स' नीट येत नाही, पुन्हा पाहावे. भुंगानं तीनदा पाहिलं, घासलं, परत पाठवलं. चौथ्या वेळी कवळीबरोबर बाईच जिना चढून वर आल्या. लॅबमध्ये रोगी कधी येत नाहीत, त्यामुळं सगळ्यांची हत्यारं हातात राहिली. सत्तरी ओलांडलेली बाई, काठीसारखी सरळ, हातात रुमालात गुंडाळलेली कवळी.

"हे दात कुणी केले?" त्यांनी विचारलं. दात नसल्यामुळं ते 'हे दाप कुणी केले' असं ऐकू आलं.

काकांनी मुकाट्यानं भुंगाकडे बोट केलं.

बाईंनी कवळी तोंडात बसवली. "हे बघ पोरी. बसतात उत्तम. दिसायला तर माझ्या खऱ्या दातांपेक्षा बरे. पण मी चाळीस वर्षं कोरसमध्ये गायले. मोठमोठ्या गायकांच्या मागं उभी राहून. माझं नाव कुणाला माहीत नाही, त्याचं मला काही नाही. पण माझा स कधी चुकला नाही. आता मी 'सांज' म्हटलं की शिट्टी वाजते. गल्लीतलं कुत्रं वळून बघतं."

लॅबमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. भुंगा हसली नाही. तिनं स्टूल पुढं ओढलं. "बसा, बाई. साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणा."

दवाखान्यात हीच परीक्षा घेतात, कारण त्या आकड्यांत स खच्चून भरलेला असतो. साठ ठीक गेला. एकसष्टला शिट्टी झाली. सदुसष्टला मोठी झाली. अडुसष्टला बाई स्वतःच थांबल्या.

भुंगानं कवळी काढायला लावली, पुसून कोरडी केली, टाळूच्या बाजूला शंखजिऱ्याची बारीक पूड भुरभुरवली आणि परत बसवायला सांगितलं. "आता फक्त एकदा 'स' म्हणा. एकदाच. मग तोंड उघडं ठेवा."

कवळी बाहेर आली तेव्हा पांढऱ्या पुडीवर जिभेची खूण उमटली होती. जीभ दोन्ही कडांना टेकली होती तिथली पूड पुसली गेली होती आणि मधोमध, पुढच्या दातांच्या मागं, वारा जायला एक पांढरी वाट उरली होती. ती वाट फार अरुंद होती आणि जरा वाकडी. भुंगा बघतच राहिली. हा प्रकार ती फार पूर्वी शिकली होती, पण इतकी वर्षं कुणासाठी केला नव्हता. कुणी मागितलाच नव्हता.

"हा बघा तुमचा स," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा चढवून पाहिलं. "अगोबाई," त्या हळूच म्हणाल्या. "असा दिसतो होय."

त्या दिवशी त्यांनी श बघितला, त बघितला, चुलीतला च बघितला आणि चिमणीतला च बघितला. कागदावर अक्षर एकच, पण पुडीवर दोन वेगळ्या खुणा. एक दातांना चिकटून, एक मागं टाळूवर. भुंगानं प्रत्येकाचं चित्र वहीत काढून घेतलं. जेवणाची सुट्टी संपली, डबा तसाच राहिला. दिवसभर तिच्या डोक्यात एकच: मी अकरा वर्षं शब्द लिहिले आणि ते तोंडात कुठं राहतात हे एकदाही पाहिलं नाही. आणि काम कसलं करते, तर तोंडाचं.

दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बाई यायला लागल्या. भुंगा केसाच्या जाडीइतकं मेण टाळूवर चढवायची किंवा खरवडायची, बाई आकडे म्हणायच्या. तिसऱ्या बुधवारी साठ ते सत्तर अगदी स्वच्छ गेले. काकांनी लांबून मान हलवली.

"आकडे झाले," बाई म्हणाल्या. "पण मी काय आकडे गाणार आहे? एखादं गाणं दे. माझी पाठ असलेली नको. त्यांच्यात तोंड सवयीनं पळवाट काढतं. असं दे की कधी ऐकलेलं नाही."

भुंगानं ड्रॉवर उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. सोळा वर्षांत लॅबमध्ये तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं ती रेडिओवरचं काहीतरी गुणगुणते.

"एक आहे," ती म्हणाली. "माझंच आहे."

गाणं पहाटेचं होतं. घरातली कामं उरकायच्या आत उजाडतं म्हणून एक बाई उजेडाला दारात थांबवते.

थांब ना रे उजेडा, जरा दाराशीच थांब,
हातातल्या कामाची वाट अजून लांब.

भुंगानं ओठ मिटून चाल गुणगुणली. बाईंनी एकदा ऐकली, डोळे मिटले आणि गायल्या. आवाज पिकलेला होता, वर फारसा जात नव्हता, पण खालच्या सुरांत असा भरीव की पॉलिशच्या यंत्रावरच्या माणसानं पायानं यंत्र बंद केलं. ओठांत अडकून राहिलेलं आपलं गाणं दुसऱ्याच्या गळ्यातून बाहेर पडताना भुंगानं पहिल्यांदा ऐकलं. तिनं हातातला चिमटा खाली ठेवला.

बाई दुसऱ्या ओळीच्या शेवटी थांबल्या आणि त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"दात ठीक आहेत. गाण्यात खोट आहे."

"कुठं?"

"चाल सांगते की इथं सूर लांबव. आणि तू शब्द दिलेस 'थांब', 'लांब'. ओठ मिटले. दार लावून घेतलंस आणि आता म्हणतेस बाहेर जा. मी लांबवू काय? तुझं डोकं?"

काका मोठ्यानं हसले. भुंगाचे कान तापले, पण या वेळी ती चौकापर्यंत चालत जाईपर्यंत थांबली नाही. तिनं पेन्सिल घेतली. "मग उघडं काय हवं?"

"आ, ए, ओ. काहीही. दार उघडं ठेव म्हणजे झालं."

त्या दोन ओळींना भुंगाला बारा पहाटा लागल्या. तेराव्या दिवशी ती म्हणाली:

उजेडा रे, दाराशी जरा थांबशील का?
हातातलं काम सरेतो वाट बघशील का?

बाईंनी तो शेवटचा 'का' असा लांबवला की प्रश्न खोलीभर पसरला आणि बराच वेळ खाली बसला नाही. गायचं थांबल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आता बसलं."

पुढं आठ महिने हेच चाललं. दात कधीच पक्के होऊन तोंडात गेले होते, तरी बाई यायच्या, आणि रविवारी सकाळी भुंगा त्यांच्या घरी जायची. दोन खोल्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावर, भिंतीला टेकवलेला एक तंबोरा आणि खिडकीत कुंड्या. बाई कौतुक करायला शिकलेल्याच नव्हत्या. चांगली ओळ आली की नुसतं "हं" आणि वाईट आली की भाषण. भुंगा दातओठ खात घरी यायची आणि दुसऱ्या पहाटे तीच ओळ परत घ्यायची. लेक फोनवर गाणी ध्वनिमुद्रित करून द्यायची आणि खिडकी लावा, पंखा बंद करा असे हुकूम दोघींना सोडायची.

तेवढ्यात मालकांनी भुंगाला आत बोलावलं. लॅब वाढवायची होती. कवळ्यांचा सगळा विभाग तिच्या हाताखाली द्यायचा होता, पाच माणसं, पगार चांगलाच वाढणार.

"एकच बदल आहे," मालक म्हणाले. "दवाखान्यांना माल सकाळी लवकर लागतो. तुम्हाला सहाला यावं लागेल. दुपारी तीनला तुम्ही मोकळ्या."

दुपारी तीनला घर भरलेलं असतं. लेक, तिच्या मैत्रिणी, शेजारच्यांचा टीव्ही, खालचा गॅरेजवाला. भुंगानं दोन दिवस मागून घेतले. ते दोन्ही दिवस ती पहाटे वही उघडून बसली आणि एक अक्षर लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मालकांना नको म्हणून सांगितलं.

"कारण?"

"सकाळी मला काम असतं, सर."

"कसलं?"

"गाणी लिहायचं."

मालकांनी पेन खाली ठेवलं. ते वाईट माणूस नव्हते. "सोळा वर्षं तुम्ही कधी पगारवाढ मागितली नाहीत, म्हणून विचारतो. नीट विचार केलात ना? हे परत विचारणार नाही मी."

"केलाय."

घरी मात्र हे इतकं सरळ गेलं नाही. नवऱ्यानं ऐकलं आणि ताटावरून हात उचलला.

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू हो घे म्हणाला असतास."

"मग? चुकीचं म्हणालो असतो? पोरगी बारा वर्षांची झाली. तिला अभ्यासाला कोपरा नाही. तीन खोल्यांचं घर झालं असतं." मग तो सवयीनं विनोदावर आला, पण विनोद कडू निघाला. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आपलं कसंबसं त्याच्यावरच भरतंय, आणि तू ते दातही सोडायला निघालीस."

"दात सोडत नाहीये. पहाट सोडत नाहीये."

"अकरा वर्षं झाली, अगं. एक गाणं लागलं का कुठं?"

ती म्हणाली, "नाही लागलं. म्हणूनच सोडता येत नाही." आणि भांडी उचलून आत गेली. लेक सगळं ऐकत होती. तिनं अभ्यासाची वही उघडली आणि एकाच पानाकडे बघत बसली. भुंगाला त्याचं सगळ्यात जास्त लागलं. तिनं स्वतःसाठी जे ठेवून घेतलं होतं ते थोडं या मुलीच्या वाट्याचं होतं, हे तिला कळत होतं, आणि कळूनही तिनं निर्णय फिरवला नाही.

चार दिवस नवरा कामापुरतं बोलला. पाचव्या दिवशी तो प्लायवुडची एक फळी, दोन बिजागऱ्या आणि ड्रिल घेऊन आला आणि खिडकीखालच्या भिंतीत घडीचं टेबल ठोकायला बसला. जुन्या लिफ्टच्या आतली फळी होती, एका कडेला 'कमाल सहा व्यक्ती' असं अजून वाचता येत होतं.

"हे तिच्या अभ्यासाला," तो स्क्रू पिळत म्हणाला. "पहाटे रिकामं असतं, तेव्हा कुणीही बसा. ओटा मोकळा होईल. मला कामावर जायच्या आधी डबा करता येत नाही तुझ्या वह्यांपायी."

तो कधीच डबा करत नव्हता. पण त्या आठवड्यापासून करायला लागला.

आता गाणं रेडिओवर न्यायला हवं होतं. भुंगानं उजेडाचं गाणं बाईंच्या आवाजात पाठवलं आणि आठवड्याभरात छापील उत्तराऐवजी फोन आला. मॅडम स्वतः बोलत होत्या.

"हे तुमचं? सगळं? शब्दही?"

"हो."

"घेतोय आम्ही." मग त्या म्हणाल्या, "फक्त आवाज बदलू. फार वय दिसतं त्यात. सध्या जिची गाणी गाजताहेत ना, ती नवी मुलगी, तिला मी विचारलंय. तिला आवडलंय. या आजींना हवं तर कोरसमध्ये घेऊ."

भुंगा लॅबच्या जिन्यात उभी होती. अकरा वर्षं ज्या फोनची वाट पाहिली तो हाच होता. ती म्हणाली, "उद्या सांगते."

संध्याकाळी ती बाईंकडे गेली आणि जसं होतं तसं सांगितलं. बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"देऊन टाक," त्या म्हणाल्या. "गाणं तुझं आहे. माझ्या दातांपायी अडवू नकोस. पण मागं उभी मी राहणार नाही. चाळीस वर्षं राहिले. तक्रार नाही, पण आता नाही." पाणी घालून झालं तरी त्या तशाच उभ्या राहिल्या. "गंमत बघ. दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे आले म्हणावं, तर दात तुझ्या हातचे, आणि चणे दुसऱ्याच्या ताटात."

त्या हसत होत्या, पण पाण्याचं भांडं खाली ठेवताना त्यांचा हात चुकला आणि ते ओट्यावरून घरंगळलं.

दुसऱ्या दिवशी भुंगानं मॅडमना फोन केला. "गाणं या आवाजासाठी बांधलंय. दुसरीच्या तोंडात ते बसणार नाही असं नाही, पण पहिल्यांदा याच आवाजात व्हायला हवं. नाहीतर आत्ता राहू दे."

"तुम्ही गंमत करताय का?" मॅडम म्हणाल्या. "अशी संधी परत येईलच असं नाही."

महिन्याभरात दुसऱ्यांदा तिला कुणी हे सांगत होतं. "माहीत आहे," भुंगा म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. हे तिनं बाईंना सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तिनं ठरवलं एवढंच, की नाही म्हणून गप्प बसायचं नाही. एक गाणं नाकारणं सोपं असतं, म्हणून एक न्यायचंच नाही. पुढच्या सात महिन्यांत तिनं पाच गाणी लिहिली, आणि पाचही त्याच आवाजाच्या मापाची. बाईंचा सूर कुठं भरतो ते तिला ठाऊक होतं, तिथं तिनं मोठे उघडे स्वर ठेवले. वरती श्वास तुटतो, तिथं ओळच तोडली. स कमी नाही केला, उलट वाढवला, कारण बाईंना त्याचा अभिमान होता. एक गाणं रांगेत उभ्या असलेल्या बाईचं होतं, एक लेकीच्या बुटांचं, एक बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या दोन शेजाऱ्यांचं. ते ऐकून नवरा म्हणाला, "यात तांत्रिक चूक आहे, दार असं उघडत नाही." तिनं दुरुस्त केलं.

सहा गाणी झाली. बाईंचा तंबोरा, लेकीच्या शाळेतल्या गाण्याच्या शिक्षकांची गिटार, बस्स. भुंगा बाईंना सोबत घेऊनच रेडिओवर गेली. मॅडमनी दोघींकडे पाहिलं, उसासा टाकला आणि पंधरा मिनिटं दिली. पंधराची पन्नास झाली. मध्ये त्यांनी दोघांना बाहेरून आत बोलावलं आणि त्या दोघांनी तिसऱ्याला.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "संध्याकाळची वेळ मिळणार नाही. मंगळवारी दुपारी तीनला अर्धा तास रिकामा आहे. सलग सहा आठवडे, दर आठवड्याला एक गाणं, आणि गाण्यामागची गोष्ट तुम्ही दोघींनी बोलायची. चालेल?"

"माझं नाव सांगणार?" कोरसबाईंनी विचारलं.

"अर्थात."

"आधी की मागून?"

मॅडम गोंधळल्या. "म्हणजे?"

"आधी," भुंगा म्हणाली. "गाणाऱ्याचं आधी, लिहिणाऱ्याचं मागून."

पहिल्या मंगळवारी तीन वाजता लॅबमध्ये सगळी यंत्रं बंद होती. मालक दारात टेकून उभे होते, काकांनी हातातलं प्लास्टर वाळवून वाया घालवलं. उजेडाचं गाणं लागलं. नवऱ्यानं ते एका बारा मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीशेजारी बसून ऐकलं आणि नंतर फोन करून म्हणाला, "मोटार बंद ठेवली होती तीन मिनिटं. आत कुणी अडकलं नव्हतं, काळजी करू नको." भुंगा ऐकताना रडेल असं सगळ्यांना वाटत होतं. ती कान देऊन ऐकत होती. संपल्यावर काकांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"दुसऱ्या कडव्यात एक शब्द जड आहे," ती म्हणाली. "आत्ता कळला."

एका रात्रीत काही बदललं नाही. पत्रं आली, मोजकी पण मनापासून लिहिलेली. सहाची बारा गाणी झाली. ती गाजलेली मुलगी पुढं स्वतःहून आली आणि भुंगानं तिच्या आवाजाचं माप घेऊन तिच्यासाठी तीन गाणी बांधली. त्यातलं एक आता बसमध्येही ऐकू येतं. कोरसबाई आणखी दोन वर्षं गायल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या की पुरे, आता श्वास उसना आणावा लागतो. रविवारी भुंगा अजून त्यांच्याकडे जाते. भाषण अजून तेवढंच असतं.

विभागाची जागा दुसऱ्या कारागिराला मिळाली. तो चांगला माणूस आहे, आणि अवघड तोंडं अजून भुंगाकडेच पाठवतो. तिसरी खोली काही झाली नाही. लेक घडीच्या टेबलावरच शिकून मोठ्या परीक्षेला बसली. आईला ती हे अधूनमधून ऐकवते आणि आई ऐकून घेते.

सध्या भुंगा एका नव्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीवर अडली आहे, तीन आठवडे झाले. ओळीत 'हट्ट' हा शब्द तिला हवाच आहे आणि तो कुठल्याच सुरावर नीट बसत नाही. आज पहाटे तिनं तो सातव्यांदा हलवून पाहिला. मग पावणेसात वाजले, वही मिटली, आणि एका निवृत्त बसचालकाच्या खालच्या दातांचं माप वाट बघत होतं म्हणून ती कामावर गेली.